स्टिक खाली!

नव्वदच्या सुमारास कॅनडातल्या मिसिसागाच्या रिंकवर आमचे चिरंजीव गोलमध्ये उभे राहायला लागले, तेव्हा त्यांच्या हाती आली ती कुणा थोराड पोराने टाकून दिलेली लाकडी स्टिक. आइस हॉकीत गोलीची, म्हणजे गोलकीपरची, स्टिक मुळातच रुंद नि जड. उपाय घरोघरी एकच: वरचा दांडा करवतीने कापायचा, टोकाला टेपची गाठ वळायची, झालं! पण कमी व्हायचा तो दांडा. खालचा रुंद भाग, पॅडल, होता तेवढाच राहायचा. हात धरायचा पॅडलच्या लगेच वर. त्यामुळे पोराचा खांदा कानाला भिडायचा, स्टिकच्या टोकाचं ब्लेड बर्फावर सपाट बसायचं नाही आणि इंचभर जाडीचा पक (रबरी चकती) नेमका त्याच फटीतून आत.

कोचचं शास्त्र मोजकं होतं. 'स्टिक खाली!' एवढंच ओरडायचे. पण त्या दोन शब्दांत बरंच काही असायचं. आमच्या रिंकवरची पोरं तेव्हा उभ्यानेच गोल राखत; दोन पायांमधली जागा झाकायला स्टिकशिवाय होतं काय? ब्लेड स्केट्सना चिकटवायचं नाही, वीतभर पुढे धरायचं. मग पक आदळला की ब्लेड जरा मागे सरतं, धक्का जिरतो. चिकटवलं तर पक टणकन उडून समोरच्याच्याच पुढ्यात! मनगट किंचित फिरवलं की पक मुकाट कोपऱ्यात जातो. हे फिरवणं अंगवळणी पडायला आमच्या घरात अख्खा हिवाळा गेला.

शिवाय फिलाडेल्फियाच्या रॉन हेक्स्टॉलने ८ डिसेंबर १९८७ ला बोस्टनच्या रिकाम्या गोलमध्ये थेट पक मारला होता. स्वतः नेम धरून गोल करणारा एनएचएल या व्यावसायिक लीगमधला तो पहिलाच गोली. मग काय, सराव संपला की सगळे छोटे गोली पक भिरकावत बसायचे. बहुतेकांचा बर्फ सोडून वरही उठायचा नाही.

माझा जीव मात्र जडला तो जॉनी बॉवरवर, जुन्या चित्रफितींतल्या. टोरांटोला १९६२, ६३, ६४ आणि ६७ साली एनएचएलचे चषक मिळाले त्या संघातला हा गोली. (६७ नंतर चषक नाही, तो विषय इथे जेवणावर काढू नये.) समोरून एकटा खेळाडू पक घेऊन आला की बॉवर मुठीतून दांडा सरकू द्यायचा, टोकाच्या गाठीवर पकड बसायची आणि लांबलेल्या स्टिकचं ब्लेड पकाला टोचून जायचं. पोक चेक! बरीचशी कारकीर्द त्याने मास्कशिवाय काढली, हे लक्षात घेऊन ती झेप पाहावी.

आता नात गोली आहे. दुकानात तिला स्केट्स घालून, गुडघे वाकवून उभं केलं आणि तिच्या मापाचं पॅडल असलेली स्टिक दिली. कॉम्पोझिट, इतकी हलकी की मला हेवा वाटला. खांदा जागेवर, ब्लेड सपाट. इथे जुन्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

तंत्र मात्र पालटलं. क्वेबेकात कोच फ्रँस्वा अलेअर आणि गोली पॅट्रिक रॉय यांनी बटरफ्लायचा जो पाया घातला, त्यावर आजची शिकवणी उभी आहे: गुडघे बर्फावर, पॅड्स दोन्हीकडे पसरलेले. खालचा बहुतेक भाग पॅड्सच झाकतात. मधल्या फटीपुरतं ब्लेड. गोलच्या खांबाला टेकून बसल्यावर गोलसमोरून जाणारा पास अडवायला स्टिक आडवी टाकतात, तेवढी तिची खरी करामत. पण खाली बसायच्या घाईत ब्लेड हवेत जातं, आणि कोच तेच दोन शब्द ओरडतात.

पोक चेक शिकवत नाहीत का, असं मी नातीला विचारलं. 'शिकवतात, पण जपून,' ती म्हणाली. 'स्टिक पुढे टाकली आणि त्याने पक बाजूला ओढला, तर आजोबा, मी आडवी नि गोल मोकळा.'

मुद्दा बिनतोड होता. तरी तिच्या स्टिकच्या टोकाला मी टेपचे चार वेढे जास्तच दिले.