बँजोच्या पोटातला बोळा

१/
‘बेंजो’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे विसर्जनाची मिरवणूक आणि बटणे दाबून वाजवायचे ते खणखणीत वाद्य उभे राहते. त्याचे मूळ जपानी आहे: नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली घडवलेले ताइशोगोतो. या थ्रेडमधला बँजो निराळा आहे. तो अमेरिकेतला, पाच तारांचा आणि उघड्या पाठीचा.

२/
लाकडाचे गोल कडे, त्यावर तबल्याच्या पुडीसारखा ताणलेला पडदा, पडद्यावर टेकलेली घोडी आणि घोडीवरून गेलेल्या तारा. मागे फळी नाही. असा बँजो उलटा करून पाहिला, तर पुष्कळदा आत एक अनपेक्षित वस्तू दिसते. पडदा आणि आतला दांडा यांच्या फटीत फडका, स्पंजचा तुकडा किंवा चक्क जुना पायमोजा कोंबलेला असतो.

३/
हा बोळा वादकानेच ठेवलेला असतो. वाजवण्यासाठी वाद्य घ्यायचे आणि मग त्याचेच तोंड दाबायचे, हे कशासाठी? याचे अर्धे उत्तर ध्वनिशास्त्रात आहे. उरलेले अर्धे गुलामगिरीच्या इतिहासात आहे.

४/
तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटतात. ही पूर्ण पटींची नाती कानाला सुसंगत वाटतात. ताणलेल्या गोल पडद्याचे तसे नसते. त्याच्या मूळ कंपनानंतरची कंपने १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत येतात. म्हणूनच साध्या ढोलाला नाद असतो, पण त्याचा नेमका स्वर सांगणे अवघड जाते.

५/
भारतीय कारागिरांनी ही अडचण शाईने सोडवली. तबल्याच्या पुडीवरील काळ्या थराच्या वजनामुळे हे विस्कळीत उपस्वर जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात याची शास्त्रीय मांडणी केली.

६/
बँजोच्या पडद्यावर शाई नाही. तार आपला स्वर सांगते आणि पडदा त्यात स्वतःचे बोलणे मिसळतो. शिवाय घोडीच्या मागे, तारा अडकवलेल्या पट्टीपर्यंत उरलेले तारांचे तुकडेही न छेडता गुणगुणत राहतात. एक स्वर विरण्याआधी दुसरा येतो आणि द्रुत लयीत सगळ्यावर एक धातूसारखी घणघण पसरते.

७/
त्यावरचे उपाय साधे आहेत. घोडीमागच्या तारांमधून कापडाची किंवा चामड्याची अरुंद पट्टी विणावी. पडद्याचा ताण सगळीकडे सारखा करावा. घोडी थोडी जड घ्यावी. हे करून भागले नाही, तरच पडद्याला पाठीमागून हलकेच टेकेल असा बोळा ठेवावा. तो घट्ट बसला तर स्वर मरतो, सैल राहिला तर घणघण तशीच राहते. योग्य जागी बसला की पडद्याची लांबत जाणारी कंपने शोषली जातात आणि तारेचा स्वर मोकळा होतो.

८/
पण ही घणघण या वाद्यात मुळापासून होती का? त्यासाठी अटलांटिकच्या पलीकडे जावे लागते. सेनेगल आणि गांबियाच्या प्रदेशातील जोला लोकांचे अकोंटिंग हे वाद्य आजही वाजते. भोपळ्याचे अंग, त्यावर बकऱ्याचे कातडे आणि तीन तारा. त्यांतली एक आखूड, अंगठ्याने वाजवायची. नखाने तारेवर खाली आघात करण्याची त्याची रीत अमेरिकेतील जुन्या बँजोवादनाशी थेट जुळते. गांबियाचे अभ्यासक डॅनियल जट्टा यांनी हे साम्य जगापुढे आणले.

९/
पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांना सोबत सामान नेता आले नाही. वाद्य घडवण्याचे ज्ञान मात्र हातांत होते. १६८७ साली जमैकाला पोहोचलेल्या हान्स स्लोन यांनी तेथील गुलामांची भोपळ्याची तंतुवाद्ये पाहिली. त्यांच्या तारा घोड्याच्या केसांच्या किंवा वेलींच्या सोललेल्या देठांच्या होत्या. १७०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात स्लोन यांनी त्यांचे चित्रही दिले.

१०/
पुढचा पुरावा दक्षिण कॅरोलायनातील आहे. ‘द ओल्ड प्लँटेशन’ हे जलरंगातील चित्र साधारण १७८५ ते १७९० या काळातले. त्यात गुलाम वस्तीतला एक माणूस भोपळ्याचा बँजो वाजवताना दिसतो. वाद्याला चार तारा आहेत आणि त्यांतली एक आखूड आहे.

११/
ही आखूड तार महत्त्वाची आहे. पुढे जोएल स्वीनी या व्हर्जिनियाच्या गोऱ्या वादकाला ‘आखूड तारेचा जनक’ म्हटले गेले. स्वीनीचा जन्म १८१० चा. चित्र त्याच्या जन्माआधी सुमारे दोन दशकांचे. स्वीनी हे वाद्य कृष्णवर्णीयांकडूनच शिकला होता. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांतून त्याने आणि इतरांनी ते रंगमंचावर नेले. वाद्य लोकप्रिय झाले, त्याचे निर्माते हास्यास्पद ठरवले गेले.

१२/
रंगमंचाला मोठा आवाज हवा होता. १८४० च्या दशकात बाल्टिमोरचे विल्यम बाउचर लाकडी कड्याचे आणि स्क्रूने कातडे ताणता येईल असे बँजो बनवू लागले. भोपळा गेला आणि पडदा अधिक ताणता येऊ लागला. पुढे कड्यावर धातूची वळी बसली. बॉस्टनच्या फेअरबँक्स कंपनीने १९०१ साली आणलेला ‘व्हाइट लेडी’ हा बँजो त्यासाठी प्रसिद्ध आहे. आतड्याच्या तारांची जागा हळूहळू पोलादी तारांनी घेतली.

१३/
शेवटचा बदल पडद्यात झाला. दमट हवेत कातडे सैल पडते. पावसाळ्यात तबला लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचे पडदे आले आणि ही कटकट मिटली. पण जड, मऊ कातडे स्वतःच पुष्कळ कंपने गिळत असे. पातळ प्लास्टिक ती परत फेकते. पोलादी तार, धातूचे वळे आणि प्लास्टिकचा पडदा एकत्र आले, तेव्हा आजची घणघण पुरती तयार झाली.

१४/
म्हणजे बोळा कोंबणारा वादक वाद्याच्या विरुद्ध जात नाही. गोंगाटाच्या दीडशे वर्षांना मागे सारून तो नकळत भोपळा, कातडे आणि आतडे यांच्या बुटक्या, मऊ स्वराकडे वळत असतो.

१५/
येथे एक सावधगिरी हवी. ‘नकोसा उपस्वर’ हा निसर्गाचा निवाडा नव्हे, तो कानाच्या सवयीचा आहे. पश्चिम आफ्रिकेत कोरासारख्या वाद्यावर धातूचा खुळखुळणारा पत्रा मुद्दाम बसवतात. तानपुऱ्याची जवारी सूत सरकवून उघडणारा कलावंतही उपस्वरच शोधत असतो. कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता दाबायचा, हे कोणीतरी ठरवते. बँजोच्या बाबतीत ते ठरवण्याचा अधिकार त्याच्या निर्मात्यांकडून फार लवकर काढून घेतला गेला.

१६/
तो परत मिळवण्याचे काम चालू आहे. एप्रिल २००५ मध्ये उत्तर कॅरोलायनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. त्यातूनच ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला आणि २०११ साली त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यातील रियानन गिडन्स एकोणिसाव्या शतकातील बँजोची प्रतिकृती वाजवतात. तिला पडदे नाहीत, पोलादी तारा नाहीत. तिचा आवाज खोल आणि थोडा घोगरा आहे.

१७/
तो आवाज ऐकल्यावर पायमोज्याचे कोडे सुटते. ज्या स्वरासाठी आज फटीत फडका ठेवावा लागतो, तो स्वर कधीकाळी भोपळ्याच्या पोटातून आपोआप येत असे. ज्यांनी तो पहिल्यांदा घडवला, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही वहीत नोंदलेली नाहीत. त्यांची आखूड तार मात्र आजही पाच तारांच्या बँजोवर, अंगठ्याच्या जागी, तशीच आहे.