नावाखालचा रंग

अमेरिकेत पिकअप ट्रक हे केवळ ओझे वाहण्याचे साधन राहिलेले नाही. शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्याप्रमाणेच कचेरीत काम करणाऱ्यांच्या दारातही तो उभा दिसतो. फोर्ड कंपनीची १९४८ सालापासून चालत आलेली एफ मालिका तर तिथल्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे. अशा ट्रकच्या मागच्या फाळक्यावर कंपनीचे नाव, दारांवर मॉडेलची ओळख, बाजूला इंजिनाची खूण अशी बरीच अक्षरे कारखान्यातूनच लागून येतात. ती सारी उतरवून गाडी कोरी करण्याची हौस तिथे पुष्कळांना असते. पैसे आपण मोजले, मग जाहिरात दुसऱ्याची का मिरवायची, असा त्यामागचा सरळ प्रश्न.

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी अभियंत्याने असाच एक जुना ट्रक विकत घेतला आणि सुट्टीच्या दिवशी तो या कामाला लागला. सांगलीहून काही महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील सावलीत खुर्ची टाकून पाहत होते. हळदीच्या अडत पेढीवर आयुष्य काढलेल्या त्या गृहस्थांना धडधाकट गाडीची अक्षरे काढण्याचा हा उद्योग प्रथम अनाकलनीय वाटला.

काम तसे धीराचे. गाडी धुऊन कोरडी करायची आणि केस वाळवण्याच्या यंत्राने अक्षरांवर गरम हवा सोडायची. हल्लीची अक्षरे बहुधा दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या फोमच्या पट्टीवर बसवलेली असतात. ऊब लागली की ती सैल होते. मग गळाचा बारीक नायलॉनचा दोरा अक्षरामागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. घाईने लोखंडी पाते घातले तर रंगच खरवडून निघतो. उरलेला चिकटा बोटाने चोळून, द्रावणाने पुसून काढायचा. काही चिन्हांच्या मागे खुंट्या असतात. चिन्ह निघाले की पत्र्यातली भोके उघडी पडतात. काही गाड्यांची अक्षरे तर पत्र्यातच ठशाने उठवलेली असतात, ती निघतच नाहीत. जुन्या टोयोटा ट्रकांवरच्या भल्यामोठ्या नावाची पुढची-मागची अक्षरे रंगाने झाकून मधले ‘यो’ तेवढे ठेवण्याची गंमत तिथल्या हौशी मंडळींनी पूर्वी पुष्कळ केली.

अक्षरे निघाली, चिकटाही गेला. तरी फाळक्यावर नाव वाचता येत होते.

“बाबा, डाग राहिला,” मुलगा म्हणाला.

वडील उठून जवळ आले. हाताने उन्हाची तिरीप अडवून त्यांनी निरखून पाहिले. “डाग कसला? तेवढाच रंग मूळचा आहे. बाकीच्या गाडीनं ऊन खाल्लंय.”

ते खरे होते. अक्षरांच्या आडोशाला रंग जसाच्या तसा राहिला होता. विटली होती ती भोवतालची जागा. हा फरक मिटवायचा तर पॉलिश घासून भोवतालच्या थराचा एक पापुद्रा काढावा लागतो. नाव उतरवण्याची थोडी किंमत गाडीच्या अंगालाही मोजावी लागते ती अशी.

इतक्यात वडिलांची नजर दारावर गेली. तिथे ट्रकच्या आधीच्या मालकाच्या धंद्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक अजून पुसट दिसत होते. “हे आधी काढायचंस,” ते म्हणाले. “कंपनीचं नाव चार दिवस राहिलं तर बिघडत नाही. हे दुसऱ्याचं आहे.”

त्यांच्या आग्रहामागे पेढीचा अनुभव होता. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा सामाईक नावाची पाटी उतरवायची ठरली. त्या नावावर विसंबून माल टाकून गेलेल्या शेवटच्या शेतकऱ्याची पट्टी चुकती होईपर्यंत त्यांनी पाटीला हात लावू दिला नव्हता. पाटी भिंतीवरून निघाली तरी लोकांच्या मनातून ती इतक्या लवकर निघत नाही, हे ते जाणून होते.

मुलाला त्याच राज्यातली एक घटना आठवली. टेक्सासमधील एका प्लंबरने २०१३ साली आपला फोर्ड ट्रक विक्रेत्याच्या हवाली केला. दारावरचे धंद्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक मात्र तसेच राहिले. हातोहात फिरत तो ट्रक सीरियाच्या युद्धभूमीवर पोहोचला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे छायाचित्र जगभर पसरले. हौद्यात विमानविरोधी तोफ, तिच्याशी सशस्त्र लढवय्ये आणि दारावर त्या प्लंबरचे नाव! त्या निरपराध माणसाला धमक्यांचे दूरध्वनी येऊ लागले. ज्या गाडीशी त्याचा काडीचाही संबंध उरला नव्हता, तिच्यावरचे नाव त्याच्याच घरी परत आले.

मुलाने काही न बोलता दारावर गरम हवा धरली.

गाडीवर आणखीही एक ओळख असते. १९८१च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीला सतरा अक्षर-अंकांचा वाहन क्रमांक ठरावीक पद्धतीने दिला जातो. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून डोकावणारी ती बारीकशी पट्टी कोणाच्या नजरेत भरत नाही. पण ती काढणे किंवा बदलणे हा तिथे संघीय कायद्याने गुन्हा आहे. चोरीची गाडी ओळखायची, तिचा मागचा इतिहास पाहायचा, तर आधार तिचाच.

ठळक अक्षरे मालकाने हौसेने काढावीत. त्यांच्यावाचून गाडीचे काही अडत नाही. बारीक क्रमांकाला मात्र मालकानेही हात लावायचा नसतो. आणि या दोहोंच्या मध्ये माणसाचे स्वतःचे नाव असते. वस्तू देऊन टाकताना ते आठवणीने उतरवून घ्यावे लागते, आणि दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली तर त्याचे नाव जपून सोडवावे लागते. ते तसेच सोडून दिले, तर पुढे ते कोणाच्या हाती लागेल आणि त्या नावावर काय काय केले जाईल, याचा भरवसा कोणी द्यावा?