फक्त नाव सांग

माझ्या मुलाच्या प्रवेशअर्जावर कोपऱ्यात लाल पेनाने 'प्रतिसाद कमी' असा शेरा मारला गेला, त्याला काही वर्षं झाली. मुलगा ते केव्हाच विसरला. मला मात्र आजही शाळेचा विषय निघाला की आधी तो शेराच आठवतो.

आम्ही सवचे. महाडजवळचं सावित्रीकाठचं गाव, गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे बाहेरच्यांना माहीत असलेलं. घरची थोडी भातशेती, नवरा एमआयडीसीत कामाला, सासूबाई, मी आणि मुलं. 2020 च्या मार्चमध्ये अंगणवाडी बंद झाली तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. सेविकाताई शिधा घरपोच देत होत्या, पण गाणी, गोष्टी, चार पोरांची संगत सगळंच थांबलं. म्हणून नवऱ्याने महाडहून फ्लॅशकार्डांचा डबा आणला. फळं, प्राणी, वाहनं, आकार. पोराला ती आवडायची, हे खरंच. पण स्ट्रॉबेरी, इग्लू, शहामृग यांच्याबद्दल त्याने काही विचारलं की मलाही दोन वाक्यांपलीकडे सांगता यायचं नाही. नाव झालं की कार्ड संपायचं.

मग 22 जुलै 2021 चा पूर आला. महाड पाण्याखाली गेलं, तळियेत दरडीखाली माणसं गेली. आमच्या घरात चिखल भरला आणि कार्डं फुगून एकमेकांना चिकटली. त्या दिवसांत कार्डांचं दुःख कोण करणार? पण घर धुऊन झालं तसा पोराने डब्याचा धोशा लावला. तेव्हा माळ्यावर राहिलेल्या लग्नपत्रिका काढल्या. त्यांची कोरी बाजू घ्यायची, जुन्या कॅलेंडरातली, साबणाच्या वेष्टणावरची चित्रं कापून भाताच्या खळीने चिकटवायची, नाही मिळालं तर हाताने काढायचं. कोयता सासूबाईंनी काढला, मला तसा जमलाच नसता. इरलं, मुसळ, फणस, नांगर, चिंबोरी. झुरळं खळ खायची, मग पुन्हा चिकटवायचं. पत्रिका जाड म्हणून चुरगळत नव्हत्या, एवढी सोय.

आपोआप एक रीत पडली. दिवसा जे पाहिलं त्याचंच कार्ड संध्याकाळी. बांधावर चिंबोरी पकडली की रात्री चिंबोरीचं कार्ड, आणि मग तिला मागून कसं धरायचं, कुठली नांगी आधी चावते, याची अर्धा तास बडबड. मगरीचं कार्ड तर त्याचं सर्वांत लाडकं. आमच्या सावित्रीत मगरी आहेत, हे महाडच्या माणसाला नव्याने सांगायला नको. थंडीत ऊन वर आलं की गाळावर येऊन पडतात, मातकट, लांबून ओंडका वाटावा अशा, आणि जबडा उघडा टाकून तशाच राहतात. काठावर कपडे धुणाऱ्या बायका आधी तिकडे नजर टाकतात, मग पाण्याला हात लावतात. हे सगळं तो आजीच्या कडेवरून पाहत मोठा झाला.

आता त्या शेऱ्याच्या दिवसाचं सांगते. 2022 चा उन्हाळा. महाड परिसरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नर्सरीसाठी गेलो. 'इंटरॅक्शन' आहे, घाबरू नका, असं सांगितलं होतं. खुर्ची मोठ्या माणसाची, पोराचे पाय अधांतरी. समोर मॅडम, हातात छापील कार्डांची गड्डी. सफरचंद, तो म्हणाला सफरचंद. मॅडम म्हणाल्या, इंग्लिशमध्ये. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला मनाई होती. बस त्याने इंग्लिशमध्येच सांगितली. मग मगर निघाली, हिरवीगार, हसरी, दात मोजावेत अशी. पोराचा चेहरा उजळला. खुर्चीतून उतरून तो टेबलापाशी गेला आणि सांगू लागला: ही आमच्याकडे नदीत आहे, पण हिरवी नाही, ती तोंड उघडं ठेवून झोपते, आजी म्हणते पाण्याकडे जायचं नाही, ती शेपटीने...

"फक्त नाव सांग, बेटा."

तो थांबला. मग पुन्हा म्हणाला, "ती शेपटीने मारते." मॅडमनी कार्ड पालटलं. पुढची सगळी कार्डं तो नुसता पाहत राहिला. आंबा निघाला तरी बोलला नाही. आंबा! मे महिन्यात, कोकणातलं पोर! मॅडम वाईट नव्हत्या. बाहेर रांग होती, त्यांना तेवढ्यात सगळी पोरं आटपायची होती. पण ज्या उत्तरात निरीक्षण होतं, भीती होती, आजीची शिकवण होती, चित्र आणि खरं जनावर यांतला फरक सांगण्याची धडपड होती, त्या उत्तराला शून्य, आणि ओठांवर 'क्रोकोडाइल' आला असता तर पूर्ण गुण. याला कोणता न्याय म्हणायचा?

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, प्रवेश झाला आहे, फी भरा. सगळ्यांचाच झाला होता, जागा शिल्लक होत्या. याने तर मी जास्त भडकले. सगळ्यांना घ्यायचंच होतं तर त्या खुर्चीवर बसवलं कशाला?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाचणी घ्यायला बंदी आहे, मोडली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड. पण कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. तीन-चार वर्षांचं लेकरू त्याच्या अलीकडेच राहतं. ज्याला सर्वांत जास्त जपायला हवं, त्याच्याच वाट्याला ढिलाई.

आणि ही कार्डं झटपट दाखवायची पद्धत आली कुठून? अमेरिकेच्या ग्लेन डोमन यांनी 1964 मध्ये बाळांना वाचायला शिकवण्याचं पुस्तक लिहिलं, तिथून कार्डं भराभर पालटायचं वेड घरोघर पसरलं. पुढे तिथेच बाळांना वाचन शिकवण्याचा दावा करून व्हिडिओ आणि कार्डांचे संच विकणाऱ्या कंपनीवर 2012 मध्ये खोट्या जाहिरातीची कारवाई झाली. 2014 मध्ये संशोधकांनी 117 बाळांवर सात महिने तसा संच वापरून पाहिला, बाळं वाचायला शिकली नाहीत. आपल्याकडे तर ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या मातीत एवढं होऊन गेलं असताना तीन वर्षांच्या पोराला इग्लू ओळखता आला नाही म्हणून आपण घाबरतो.

कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. कार्डं घरी जरूर करा, पण आधी वस्तू, मग चित्र. कार्ड पोराच्या हातात द्या, पालटायचं केव्हा ते त्याला ठरवू द्या. पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नका. कंटाळला की उचलून ठेवा.

त्याच शाळेत तो गेला, नवऱ्याचा आग्रह होता. आज चांगलं वाचतो, बाई चांगल्या आहेत, हेही सांगायला हवं. आता धाकटीची पाळी आहे. तिच्यासाठी पुन्हा छापील डबा घरात आला आहे आणि रात्री जेवणं उरकली की मी तिच्याकडून इंग्रजी नावं घोकून घेते. ती पटकन सांगते आणि मला बरं वाटतं. जे मला मान्य नाही तेच मी करते आहे, कारण तिच्या अर्जावर तो शेरा मला नको आहे. शाळांनी ती खुर्ची आणि ती गड्डी काढून टाकली तर आमच्यासारख्या कितीतरी आया हे घोकणं उद्याच्या उद्या बंद करतील. तोवर ते चालूच राहणार, आणि त्याचा राग माझ्या मनातून जाणार नाही.