लहरी दोष

जें यंत्र कायमचें बंद पडतें तें सज्जन समजावें. खरा छळ अधूनमधून बंद पडणाऱ्याचा. माझ्या प्रवासी मोटारसायकलीचें ध्वनियंत्र दारांत उभें असतां अखंड गाई, पण घाटाच्या वळणावर मुकें होई. त्याच्याच द्वारें मागें बसलेल्या पत्नीशीं बोलणें होतें. तिच्या तुटलेल्या वाक्यांतच 'ट्रक' हा शब्द असला तर?

"यंत्रच नवें बसवा," हा कारागिराचा निकाल. नाडी न पाहतां शस्त्रक्रिया सुचविणारे वैद्य मला कधींच आवडले नाहींत. दोष वळणावरच कां प्रकटावा? माझ्या गाडींत ध्वनियंत्र हँडलाबरोबर फिरतें, आणि प्रत्येक वळणाला मानेपाशीं तारांची जुडीहि वांकते.

रविवारीं मल्टिमीटर घेऊन बसलों. यंत्राची अर्थिंगची तार व बॅटरीचें ऋण टोक यांमधील दाब जवळजवळ शून्य हवा. हँडल पूर्ण डावीकडे नेतांच तो ४ व्होल्टांवर चढला व गाणें थांबलें. काळ्या तारेचें आवरण शाबूत होतें. आंतील तांब्याचे तंतु मात्र दोन-चारच उरले होते.

नवी तार थोडी सैल सोडली. डाख मुद्दाम दूर दिला, कारण डाखाजवळ तार ताठर होते आणि वांकवतां वांकवतां तेथेंच तुटते. कारागीर अजूनहि भेटला कीं नव्या यंत्राचा भाव सांगतो.