सर्वांचे कपाट
(द्वितीय वर्ष, कला)

वस्तू ठेवायला जागा लागते; ती पुन्हा सापडायला मात्र मांडणी लागते. जागा पैशाने मिळते. मांडणी माणसांनी आपसांत बसून ठरवावी लागते.

आमच्या मराठी विभागात एक लहानशी पेटी आली. तिला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. तिच्या पोटात दोन हार्डडिस्क असतात आणि विभागातल्या कोणत्याही संगणकावरून तिच्यातले फोल्डर उघडतात. थोडक्यात, सर्वांचे एक कपाट. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्यात ठेवायच्या होत्या. महिन्याभरात तिथे ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर 2’, ‘फायनल’ आणि ‘खरे फायनल’ असा बाजार भरला. आमच्याच गावाचे घ्या. कोणी ‘बेंबळी’ लिहिले, कोणी ‘बेम्बळी’. एक शोधावे तर दुसरे सापडेना. 2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पेटीत मात्र एकच जिल्हा दोन नावांनी दोन ठिकाणी नांदू लागला. शेवटी सरांनी आवराआवरीचे काम आम्हा तिघांकडे सोपवले.

ते करताना मला आजीची ट्रंक आठवे. आमच्या तीन घरांचे कागद त्या एका ट्रंकेत. आजीला अक्षरओळख नव्हती. शेताचे कागद लाल फडक्यात, शाळेचे दाखले पांढऱ्यात, सोसायटीच्या पावत्या लुगड्याच्या काठात, असा तिचा हिशेब. कोणी काही मागितले की गाठ न चाचपडता काढून देई. गेल्या वर्षी ती गेली. पुढे माझ्या दाखल्यासाठी एक जुना कागद लागला, तेव्हा वडील आणि दोन्ही चुलते तीन दिवस ओसरीवर गाठोडी सोडून बसले. त्यात निझाम राजवटीतले कागद उर्दूत. ते घरात कोणालाच वाचता येईनात. सगळे कागद जागच्या जागी होते, पण त्यांची यादी आजीबरोबर गेली होती.

पुण्याच्या पेशवे दप्तरातही मोडी कागद फडक्यात बांधलेले. त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. पेशवाई 1818 साली बुडाली, रुमाल राहिले. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास असे त्यांचे विभाग आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्यांतल्या निवडक कागदांचे 45 भाग प्रसिद्ध झाले. गाठ मारणाऱ्याला सोडणाऱ्याने पाहिलेही नव्हते. तरी काम झाले.

आम्हीही मग तसेच ठरवले. फोल्डर माणसाच्या नावाने नाही, विषयाच्या नावाने. कारण माणूस बदलून जातो. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. गावांची एक यादी केली. लिहायचे ते तिच्यातलेच नाव. वाचायची मुभा सर्वांना, बदलायची मोजक्यांना. आणि नवे आणून टाकायला ‘आवक’ नावाचा वेगळा फोल्डर. दोन हार्डडिस्कवर तेच तेच उतरते, म्हणून एक बिघडली तर दुसरी तारते. पण कोणी चुकून पुसले तर दोन्हीकडचे पुसले जाते. यासाठी एक प्रत पेटीबाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवली. हे सारे एका पानावर लिहून ‘आधी वाचा’ म्हणून सर्वांत वर ठेवले. पुढच्या वर्षी आम्ही इथे नसू. ते पान असेल.

त्या पेटीत आता ‘2023-11-05 बेंबळी ओवी 01’ अशी एक फाइल आहे. तो माझ्या आजीचा आवाज. मी नसतानाही तो कोणालाही सापडेल.

दिवाळीत गावी गेल्यावर ट्रंकेतल्या प्रत्येक गाठोड्यावर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली. आण्णा, माझे थोरले चुलते, बघत होते. म्हणाले, “कशाला रं हे? आता तू हाईस की शिकलेला. तुलाच इचारू.”

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्या शब्दांनी छाती फुगायला हवी होती. पण मला भीतीच वाटली. मी चौथीतल्या चुलतबहिणीला हाक मारली आणि तिच्याकडून सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून घेतल्या.