महाडच्या वाटेवर

आमच्या वस्तीतून दरवर्षी १९ मार्चच्या रात्री महाडला तीन गाड्या निघत. तीन मंडळांच्या तीन. तिन्ही अर्ध्या रिकाम्या, पण एकाने दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. गेल्या वर्षी परतताना आमची एक आजी मागे राहिली. ती दुसऱ्या गाडीत असेल असे प्रत्येक गाडीला वाटले. माणगावला चहाला थांबलो तेव्हा घोटाळा समजला. उलटे फिरून गेलो तर आजी चवदार तळ्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "मंडळं तीन आहेत रे तुमची, मी एकच आहे," एवढेच म्हणाली. तिघेही अध्यक्ष खाली बघत राहिले.

म्हणून यंदा फेब्रुवारीत विहारात एकत्र बसलो. पहिल्या दोन बैठका फलकावर कोणाचे नाव वर यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीला महिला मंडळाच्या भगिनी आल्या. त्यांनी सांगितले, फलकावर बाबासाहेबांचे नाव पुरे आहे, आता तांदळाचे बोला! मग कामे मंडळांना न देता कामाप्रमाणे माणसे वाटली. जेवण, प्रवाशांची यादी, वर्गणी, प्रत्येकात तिन्हीकडची माणसे. मी कचेरीत कारकून म्हणून वही माझ्याकडे आली. मी अट घातली की पैसे दुसऱ्या मंडळाच्या माणसाने सांभाळावेत आणि हिशेब दर रविवारी वंदनेनंतर मोठ्याने वाचावा. पहिल्याच रविवारी ६० रुपयांची चूक निघाली. माझीच! सगळे हसले आणि त्या दिवसापासून लोक वर्गणी मोकळ्या मनाने देऊ लागले. एक चिटणीस मात्र रुसले ते रुसलेच.

यंदा दोन गाड्यांत सर्व मावले. पेण, नागोठणे मागे पडले तसा गाडीत १९२७ चा विषय निघाला. १९ आणि २० मार्चची ती परिषद काही एकट्या संस्थेने भरवली नव्हती. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे खटपट करीत होते, मुंबईची बहिष्कृत हितकारिणी सभा पाठीशी होती, अनंतराव चित्रे होते, महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते. सर्वांची मते एक होती असेही नाही. मोरे तर पुढे कम्युनिस्ट झाले. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पिण्याचे पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, "आणि आपण फलकासाठी दोन बैठका घातल्या."

पहाटे महाडला उतरलो. निळ्या झेंड्यांची रांग, पुस्तकांची दुकाने, गावोगावचे भीमसैनिक. ऊन चढण्याआधी तळ्यावर अभिवादन केले, ओंजळभर पाणी हातात घेतले, त्रिशरण-पंचशील म्हटले. दुपारी क्रांतिस्तंभाकडे जाऊन आलो. जेवणात वरण खारट झाले होते. पण ते कोणत्या मंडळाने केले हे सांगता येईना, त्यामुळे भांडणही झाले नाही.

निघताना यादी वाचली. आजीने आपल्या नावाला तीनदा "हजर" म्हटले, प्रत्येक मंडळासाठी एकदा.

वहीत ७४० रुपये शिल्लक आहेत. ते १४ एप्रिलला घालायचे की विहाराच्या पंख्याला, यावर रविवारी बैठक आहे. रुसलेल्या चिटणीसांनाही निरोप धाडला आहे.