अकरा बीजं



मंडळी आमच्यासाठी चार वर्षं प्रार्थना करते आहे, म्हणून हे तुम्हांला सांगायला हवं. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी बेळगावात आयव्हीएफचा उपचार घेतला. कॅथोलिक मंडळीला तो मान्य नाही, आणि आमच्याकडचे तिथले नातलग त्यामुळे दुखावले आहेत. आम्हीही पाळकसाहेबांशी बोलूनच पुढे गेलो. ठरलं ते असं, की जेवढे गर्भ आम्ही स्वीकारू तेवढीच बीजं फळवायची. एकही टाकायचा नाही. पहिल्या वेळी ३.

१०-१२ दिवस इंजेक्शनं झाली. शेवटचं रात्री साडेदहाला, घड्याळ लावून, कारण त्यानंतर सुमारे ३५ तासांनी बीजं काढतात. ११ निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "संख्या बरी आहे, पण प्रत फारशी चांगली नाही."

एवढंच वाक्य. पण ज्या खाटेवर ते ऐकलं गेलं, तिथे ते बीजांपुरतं राहिलं नाही. "म्हणजे मीच हलक्या प्रतीची," असं ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

थोड्या वेळाने लॅबमधले गृहस्थ विचारायला आले, कुठली ३ घ्यायची? तेव्हा आम्हीच विचारलं, तुम्ही प्रत ठरवता कशी? त्यांनी शांतपणे सांगितलं. बीज म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. भोवतालच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली आधी पाहतात, ते पिकलंय का. कडेला एक इवलासा गोळा सुटलेला दिसला, की बीजाने आपली अर्धी गुणसूत्रं बाजूला काढली, ते तयार आहे. आमची ७ तशी होती. मग आकार, बाहेरचं आवरण, आतला भाग नितळ की दाणेदार. आमच्या ४ बीजांत दाणे जास्त होते.

"पण गुणसूत्रं बरोबर आहेत की नाहीत हे नुसतं बघून कळत नाही," ते म्हणाले. वय वाढतं तशा त्यातल्या चुका वाढतात, एवढं नक्की. नितळ बीज अडतं आणि दाणेदार पुढे जातं, असंही होतं. रक्तातलं एएमएच तर साधारण किती बीजं उरली एवढंच दाखवतं, कशी आहेत ते नाही. (त्या आकड्याला आम्ही वर्षभर भीत होतो!)

आम्ही नितळ ३ निवडली. सही केली. दाणेदार ४ न फळवता गोठवून ठेवली.

त्या रात्री पहिलं शमुवेल उघडलं. हन्नाची गोष्ट आम्हांला पाठ आहे, नवस, बाळ शमुवेल, दरवर्षी शिवलेला लहानसा झगा. यावेळी मात्र एली याजकापाशी अडलो. तो तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. ओठ हलतात, आवाज नाही, म्हणून त्याने ठरवलं की बाई प्यालेली आहे. त्याच्या डोळ्यांची चूक नव्हती, ओठ खरंच हलत होते. हन्ना गप्प बसली नाही, तिने त्याला खरं सांगितलं आणि त्याने आपलं मत बदललं. ती उठली, जेवली, तिचा चेहरा उजळला. शमुवेल अजून पोटातही आला नव्हता.

आमच्या घरी त्या रात्री दोघंही उपाशी निजलो, हे खरं ते सांगतो.

३ पैकी २ फळली. दोन्ही गर्भ वेगवेगळ्या महिन्यांत आत ठेवले. एकही राहिला नाही. जी दिसायला चांगली होती, ती ही.

आता ती ४ उरली आहेत. ईस्टरनंतर ती बाहेर काढायची. यावेळी निवड करायची नाही. जेवढे गर्भ होतील तेवढे एकेक करून स्वीकारू. तिला आता विचारलं तर म्हणते, "माझी आहेत, दाणेदार तर दाणेदार."

एक विनंती. उपासनेनंतर दारात "काही बातमी?" असं विचारू नका. तारीख ठरली की पाळकसाहेबांना कळवू, त्या सकाळी आमच्यासाठी प्रार्थना करा.